हौसा पाणमांजर आणि महाराजांची पोटदुखी

मुलांनो, एका जंगलात एक नदी होती. 'होती' म्हटल्याबरोबर चेहरे पाडू नका. ती अजूनही आहे. मधली दोन वर्षं तिचं काही खरं नव्हतं, एवढंच. त्या दोन वर्षांची ही गोष्ट.

नदीचं नाव शेवरी. डोंगरावरून उड्या मारत यायची, जंगलात शिरली की जरा दम खायची, आणि वळणावर तिचा मोठा डोह व्हायचा. डोहात मासे होते, खेकडे होते, काठाला करंज आणि उंबर होते. सगळं जंगल तिथंच पाणी प्यायचं. हरणं सकाळी यायची, गवे दुपारी, रानडुकरं वाटेल तेव्हा. नदीनं कधी कुणाला विचारलं नाही, तू कोण, कुठला.

डोहाच्या काठी, उंबराच्या मुळांत, हौसा नावाची एक पाणमांजर राहायची. तुम्ही पाणमांजर पाहिली नसेल. लांबट, गुळगुळीत, भरदार मिशांची, पायाची बोटं पातळ कातडीनं जोडलेली. अर्धं आयुष्य तिचं पाण्यात जातं. हौसाला दोन मुली. थोरली मैना, धाकटी ठकी. नवरा पलीकडच्या खोऱ्यात मासे बरे मिळतात का ते बघायला गेला होता. तो बघतच राहिला.

हौसा भांडकुदळ नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दरबारात तिला सगळे भांडकुदळ म्हणणार आहेत.

डोहाच्या वरच्या अंगाला, चढावर, दादासाहेब अस्वलांचा कारखाना होता. मोहरसाचा.

अस्वलाला मोहाची फुलं आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वी दादासाहेब झाडाखाली बसून फुलं खायचे आणि तिथंच झोपायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं, की फुलं रांजणात आंबवून रस काढला, तर आपल्याबरोबर सगळं जंगल झोपू शकेल. रांजणाचे दहा रांजण झाले, दहाचे शंभर झाले. गवे डुलू लागले. माकडं गाऊ लागली. महाराजांकडेही रोज संध्याकाळी एक भोपळा भरून जाऊ लागला. महाराज म्हणजे अर्थात वाघ.

रस काढल्यावर खाली मळी उरायची. काळी, आंबूस, फेसाळ. तिचं काय करायचं? दादासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नदी वाहत होती.

"वाहून जाईल," दादासाहेब म्हणाले.

आणि मळी वाहून गेली. वाहून कुठे गेली, हे दादासाहेबांच्या कारखान्यातून दिसत नसे.

डोहावर प्रथम पांढरा फेस आला. मैना आणि ठकीला मोठी गंमत वाटली. "आई, ढग पडलाय!" असं म्हणत त्या दिवसभर फेसात खेळल्या. मग वास येऊ लागला. मग मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. आणि एका सकाळी हौसा बाहेर आली, तर डोहभर पांढरी पोटं. कावळ्यांची दोन दिवस चंगळ झाली. तिसऱ्या दिवशी कावळेही गेले.

हौसा खालच्या वळणावर जाऊन कसेबसे चार खेकडे आणायची. तेवढ्यावर दिवस निघायचा. पण पुढे ठकीच्या अंगावरची लव जाऊ लागली. पाठीवर चट्टे उठले. डोळ्यांतून पाणी गळायचं. हौसानं कडुलिंबाचा पाला ठेचून लावला, काही उपयोग झाला नाही. एक दिवस ठकी काठावरच बसून राहिली.

"चल गं, पोहायला," मैना म्हणाली.

"नको. पाणी चावतं."

मुलांनो, पाणमांजरीच्या पोरीनं पाणी चावतं म्हणावं, म्हणजे पोपटाच्या पिल्लानं आभाळ टोचतं म्हणण्यासारखं झालं. हौसानं ठकीला मैनेच्या हवाली केलं आणि ती तडक चढ चढून कारखान्यावर गेली.

दादासाहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला सावलीत बसवलं. मुलींसाठी मधाचं पोळं दिलं.

"हौसाबाई, मी का मुद्दाम करतो? मळी निघणारच. ती कुठेतरी जाणारच."

"कुठेतरी म्हणजे माझ्या घरात का, दादासाहेब?"

"घरात कुठे? नदीत."

"मी नदीतच राहते."

दादासाहेबांनी डोकं खाजवलं. हा मुद्दा त्यांना नवीन होता.

"एक खड्डा खणा," हौसा म्हणाली. "मोठा, उथळ, तळाला चिकणमाती ठोकलेला. त्यात मळी उन्हानं वाळू द्या. वाळलेली मोहाच्या झाडांनाच घाला. झाडं दुप्पट फुलतील."

"कल्पना चांगली आहे. पण खड्डा खणायचा तर दोन दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल."

"मग ठेवा."

"दोन दिवस!" दादासाहेब हळूच म्हणाले. "अहो, जंगल काय म्हणेल? माकडं गाणार कशी?"

हौसानं पोळं तिथंच ठेवलं आणि ती दरबारात गेली.

महाराजांचा दरबार कारखान्यापलीकडे, त्याच टेकडीच्या उतारावर भरायचा. तिथे राजझरा होता. थंड, गोड, आरशासारखं पाणी. ते एका दगडी कुंडात साठायचं. ते पाणी फक्त महाराजांनी आणि त्यांच्या दरबारानं प्यायचं, असा नियम होता. त्यामुळे शेवरीच्या पाण्याला वास येतो, ही बातमी दरबारात पोचायला फार वेळ लागला. पोचली तेव्हाही ती अफवा म्हणूनच पोचली.

प्रधान मुंगूसराव पुढे आले. "तक्रार कुणाची?"

"नदीची."

"नदीविरुद्ध?"

"नाही हो. नदीच्या वतीनं."

"नदीनं तुला तसं लिहून दिलंय?"

दरबार हसला. महाराजही हसले. पण महाराज मनानं उमदे होते. ते म्हणाले, "हसू नका. बाई लांबून आली आहे. समिती नेमा."

समिती नेमली. तिचे अध्यक्ष आचार्य बगळे. पाण्यावर त्यांचा फार अभ्यास. तासन् तास एका पायावर उभे राहून त्यांनी तो केला होता. समितीनं तीन महिने विचार केला. मग आचार्यांनी भर दरबारात निष्कर्ष वाचून दाखवला.

"महाराज, जगातलं सगळं पाणी शंभर भोपळ्यांत भरलं असं समजा."

"समजलो," महाराज म्हणाले.

"त्यातले सत्त्याण्णव भोपळे समुद्राचे. खारट. कुणाच्याच कामाचे नाहीत. दोन भोपळे पार जगाच्या टोकांना बर्फ होऊन पडलेत. उरला एक. त्यातलं बहुतेक सगळं जमिनीच्या पोटात. मग जगातल्या साऱ्या नद्यांच्या वाट्याला काय आलं? सहा-आठ थेंब. आता त्या थेंबांत आपली शेवरी कुठे शोधायची? ती दिसतसुद्धा नाही. म्हणून समितीचं मत असं, की शेवरी नासली असली तरी जगाच्या एकूण पाण्यात काडीचा फरक पडलेला नाही."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. जगाचं पाणी वाचल्याचा सगळ्यांना आनंद झाला.

"आचार्य," हौसा म्हणाली, "पिण्याजोगं पाणी जर इतकं थोडं आहे, तर ते जास्त जपायला नको का?"

आचार्यांनी पाय बदलला. "हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही."

"माझी पोर त्याच थेंबात राहते हो!"

"बघा," मुंगूसराव महाराजांच्या कानाशी म्हणाले, "किती भांडकुदळ आहे."

तरीही महाराजांच्या मनाला कुठेतरी लागलं. त्यांनी विचारलं, "पाणी चांगलं आहे की वाईट, हे ओळखायची जुनी खूण काय?"

"बेडूक, महाराज," एका म्हाताऱ्या गव्यानं सांगितलं. "बेडूक ओरडले की पाणी चांगलं."

"मग शेवरीवर बेडूक ओरडतात का?"

म्हाताऱ्या गव्यानं नकारार्थी मान हलवली. बेडूक कधीच डोह सोडून गेले होते.

"ओरडले पाहिजेत," महाराज गरजले. "उद्यापासून!"

आज्ञा म्हणजे आज्ञा. मुंगूसरावांनी भृंगराज पक्ष्याला बोलावलं. हा पक्षी कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. त्याला करंजावर बसवलं. दुसऱ्या दिवसापासून शेवरीच्या काठी चौदा जातींचे बेडूक ओरडू लागले. त्यांतल्या दोन जाती त्या जंगलात कधी नव्हत्याच.

शिवाय महाराजांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. "शेवरी आपली आई आहे. दर सोमवारी संध्याकाळी आईची आरती होईल. सर्वांनी यायचं."

आरती फार देखणी झाली. माकडांनी झांजा वाजवल्या. हरणांनी पानांच्या द्रोणांत दिवे सोडले. रानडुकरांनी फुलं उधळली. महाराजांनी नाकावर पंजा ठेवून नदीला नमस्कार केला. मोठ्या भक्तीनं त्यांनी श्वास रोखला आहे असं सगळ्यांना वाटलं. सगळे गेल्यावर डोहात फेस होता, मळी होती, आणि आता वर द्रोण, तेल आणि फुलंही होती.

काठावर हौसा आणि तिचा शेजारी केरबा साळिंदर दोघंच उरले. केरबा अबोल. जमीन उकरावी, कंद खावेत, आपल्या बिळात पडून राहावं, असा त्याचा शिरस्ता. पण त्याची बायकोही त्याच पाण्यानं महिनाभर आजारी होती.

"ताई," केरबा म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना अक्कल शिकवत फिरता. पाण्याला कुठे अक्कल असते? उतार दिसला की गेलं."

हौसानं त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"उतार दिसला की गेलं, म्हटलं."

हौसा उठली आणि वर कारखान्याकडे बघत राहिली. कारखान्याच्या एका अंगाला उतार होता, तो नदीकडे. दुसऱ्या अंगालाही उतार होता. तो राजझऱ्याच्या कुंडाकडे. मळीचा पाट त्या बाजूला जाऊ नये म्हणून मध्ये हातभर उंचीचा मातीचा बांध होता. दरबार आणि जंगल यांच्यामध्ये तेवढंच अंतर होतं. एक हात.

"केरबा, पुढच्या सोमवारी आरतीला जाणार आहेस?"

"तुम्ही?"

"मी नाही. मला काम आहे."

केरबानं थोडा विचार केला. "मग मलाही आहे," तो म्हणाला.

सोमवारी झांजा सुरू झाल्या. पहारेकरी तरससुद्धा आरतीला गेला होता. कारखान्यावर चिटपाखरू नव्हतं. केरबानं बांधाला नखं लावली.

"थांब," हौसा म्हणाली.

सगळा जन्म पाण्यात गेला, पण तिनं कधी पाण्यात साधी काडी टाकली नव्हती. आणि आता ती जंगलातला शेवटचा स्वच्छ झरा नासवायला निघाली होती.

"ताई, राहू द्यायचं का?"

हौसानं खाली पाहिलं. मैना काठावर बसली होती आणि ठकीच्या पाठीवरच्या माश्या हाकलत होती.

"कुंडावर शिंपी पक्ष्यांची एक जोडी चोरून पाणी पिते," हौसा म्हणाली. "त्यांना चार दिवस दुसरीकडे जा म्हणून सांगून आलेय. दरबार सोडून दुसरं कुणी पीत नाही. खण."

केरबानं बांध फोडला. हौसानं दगड, माती आणि मुळ्या रचून नदीकडचं तोंड पक्कं बुजवलं. पाणी कुठून झिरपतं, हे पाणमांजरीला कुणी शिकवावं लागत नाही. मळी क्षणभर थबकली. मग तिला नवा उतार दिसला, आणि ती निमूट कुंडाकडे निघाली. हौसानं झऱ्याला हात जोडले आणि त्याची माफी मागितली.

सकाळी महाराज उठले. नेहमीप्रमाणे कुंडावर गेले. झोपेत होते, त्यामुळे तीन घोट पोटात गेल्यावर चव कळली.

महाराजांच्या पोटात कळ आली. पाठोपाठ मुंगूसरावांच्या आली. दुपारपर्यंत सगळा दरबार झाडाझुडपांमागे विखुरला होता.

मुलांनो, नदी नासून दोन वर्षं झाली होती, तेव्हा कारण सापडत नव्हतं. कुंड नासलं, आणि कारण सापडायला पाऊण तास लागला. तोही आचार्य बगळ्यांना झुडपातून बाहेर यायला वेळ लागला म्हणून.

त्यांनी कुंडात चोच घातली आणि लगेच बाहेर काढली. "मळी!"

"इतक्या झटकन कसं ओळखलंत?" महाराज कण्हत म्हणाले.

"वास ओळखीचा आहे, महाराज. दोन वर्षं रोज घेतोय."

दादासाहेबांना पकडून आणलं. ते भाबडेपणानं म्हणाले, "महाराज, हे पाणी निरुपद्रवी आहे. समितीनंच तसं म्हटलंय."

"ते नदीत निरुपद्रवी आहे, गाढवा!" महाराज ओरडले. जंगलात एक खरंखुरं गाढव होतं. त्याला वाईट वाटलं.

मुंगूसराव पोट धरून पुढे आले. "सोपं आहे, महाराज. बांध पुन्हा घालू. मळी परत नदीत सोडू."

महाराज मान हलवणारच होते, एवढ्यात गर्दीतून हौसा पुढे आली.

"जरूर सोडा, महाराज. पण पाण्याचा काही भरवसा नाही. आज इथून आलं, उद्या तिथून येईल. जमिनीखाली झरे एकमेकांना भेटतात म्हणे."

महाराजांचे पट्टे फिके पडले. "भेटतात?"

सगळे आचार्यांकडे बघू लागले. आचार्य दोन्ही पायांवर उभे राहिले. "भेटतात, महाराज. वरचं पाणी खाली मुरतं. खालचं कुठेही फुटतं. सगळं पाणी शेवटी एकच."

"मग हे दोन वर्षांत का नाही सांगितलंत?"

"तेव्हा विषय नदीचा होता, महाराज. आपला नव्हता."

महाराज घाबरले होते. आणि घाबरलेला राजा फार झपाट्यानं काम करतो. त्यांनी जागच्या जागी हुकूम सोडला. मळी कुंडात जाता कामा नये. नदीत जाता कामा नये. कुठल्याही ओढ्यात, ओहोळात, खळग्यात जाता कामा नये. खड्डा खणा, तळाला माती ठोका, मळी उन्हात वाळवा!

दादासाहेबांनी दीड दिवसात खड्डा खणला. कारखाना दोन दिवस बंद राहिला. माकडं दोन दिवस गायली नाहीत. ते दोन दिवस जंगलाला चांगली झोप लागली.

शेवरी वरून वाहत होती, तशी वाहत राहिली. तिला आणखी काही करावं लागलं नाही. महिनाभरात फेस गेला. मग दगड दिसू लागले. पाण्यावर चालणारे किडे आले. वरच्या धारेतून बोटभर मासे डोहात उतरले आणि तिथंच रमले. एक दिवस ठकी काठाशी आली. तिनं पायाचं एक बोट पाण्यात घातलं, काढलं. पुन्हा घातलं.

"चावत नाही," ती म्हणाली.

आणि तिनं उडी मारली. हौसानं पाठ फिरवली आणि ती बराच वेळ आपलं तोंड धूत बसली.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण मुंगूसराव असताना कुठलीही गोष्ट वेळेवर संपत नाही. त्यांचं पोट आता बरं झालं होतं. त्यांनी चौकशी सुरू केली. बांध फोडला कुणी? फुटलेल्या बांधात साळिंदराचा एक काटा सापडला.

केरबाला दरबारात उभं केलं. तो आधीच अबोल, त्यात भ्यालेला. त्याच्या अंगावरचे सगळे काटे वाजू लागले.

"त्यानं नुसती माती उकरली," हौसा पुढे येऊन म्हणाली. "डोकं माझं होतं."

मुंगूसरावांनी कायदा काढला. मुलांनो, त्या जंगलात कायदा होता बरं का! 'पिण्याचं पाणी नासवणाऱ्यास कठोर शासन.' कायदा जुना होता, कडक होता, स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. आजवर तो एकदाही वापरला नव्हता, म्हणून तो कोरा करकरीत राहिला होता.

"हौसा पाणमांजर," मुंगूसराव म्हणाले, "तू पिण्याचं पाणी नासवलंस?"

"हो."

"जाणूनबुजून?"

"हो."

"आणि दादासाहेबांनी नासवलं ते?" महाराजांनी मध्येच विचारलं.

"त्यांनी जाणूनबुजून नाही," हौसा म्हणाली. "त्यांनी सवयीनं."

"म्हणजे त्यांचा गुन्हा नाही," मुंगूसराव म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.

अशा रीतीनं पाणी नासवल्याबद्दल जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणालातरी दोषी ठरवलं गेलं. एक पाणमांजर आणि एक साळिंदर. महाराजांनी उभं राहून शिक्षा सुनावली.

"तुम्हा दोघांना आजपासून मरेपर्यंत राजझऱ्याचं पाणी बंद!"

दरबार हळहळला. इतकी कठोर शिक्षा कुणी ऐकली नव्हती. हौसा आणि केरबानं एकमेकांकडे पाहिलं. राजझऱ्याचं पाणी त्यांनी जन्मात चाखलं नव्हतं.

त्यानंतर त्याच दरबारात खड्डा खणल्याबद्दल दादासाहेबांना 'जलमित्र' ही पदवी देण्यात आली. आचार्य बगळ्यांनी त्यांच्या दूरदृष्टीवर भाषण केलं. ते संपायच्या आत हौसा आणि केरबा टेकडी उतरून गेले होते. चालून चालून केरबाला तहान लागली होती. तो शेवरीच्या काठी वाकला आणि पोटभर पाणी प्याला.

तात्पर्य : मुलांनो, पाणी घाण करणं हा फार मोठा गुन्हा आहे. म्हणून ते नेहमी नदीचंच करावं. राजाच्या कुंडाचं केलंत, तर शिक्षा होईलच. शिवाय नदी स्वच्छ होईल, ते वेगळंच.